साहेबांना दाखवलेली बातमी

पत्रकार दिनाचा सत्कार. वडूजमधलं मंगल कार्यालय. स्टेजवर आम्ही तालुक्याचे वार्ताहर ओळीत उभे. साखर कारखान्याचे चेअरमन, ज्यांना अख्खा तालुका साहेब म्हणतो, एकेकाच्या खांद्यावर शाल टाकत पुढे येत होते. माझ्यापाशी आल्यावर त्यांच्या माणसानं शालीऐवजी काळी घोंगडी पुढे केली. साहेब माइकमध्ये म्हणाले, "हिला शाल कशाला? मेंढरामागची पोर ही. घोंगडीच शोभती."

सगळे हसले. रोज माझ्यासोबत चहा पिणारे वार्ताहरही हसले. आणि मीही हसले. हात जोडून, मान वाकवून. तो फोटो दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात आला. त्यात सगळ्यांत जास्त मीच हसतेय.

मी विकली गेले होते असं म्हणणं सोपं आहे. पण मला कुणी दमडी दिली नव्हती. मला नुसती सवय लागली होती.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कारखान्याची बातमी साताऱ्याच्या ऑफिसला पाठवायच्या आधी साहेबांच्या पीएच्या मोबाइलवर पाठवायची. तिला 'दाखवणं' म्हणतात. दमदाटी नाही, काही नाही. 'दाखवली का?' हे आम्ही एकमेकांना 'जेवलीस का?' इतक्या सहज विचारायचो.

सत्काराच्या आधी काही दिवस माझ्या मामाची मेंढरं कारखान्यामागच्या ओढ्यावर पाणी प्यायली आणि संध्याकाळपर्यंत पटापट मेली. मी धावत गेले. पोटं फुगलेली, पाण्याला मळीचा वास. मामा एका मेलेल्या मेंढीच्या अंगावरून हात फिरवत बसला होता. म्हणाला, "लिव पोरी. तू हायेस म्हणून बरं."

मी लिहिलं. ओढ्याचं पाणी प्यायल्यावर मेंढरं दगावली, पाण्याची तपासणी बाकी आहे, एवढंच. जे पाहिलं तेवढंच. आणि मग सवयीनं दाखवली. पीएचा फोन आला. पाण्याचं काढा, रोगानं मेली म्हणा, असं त्यानं अगदी गोड आवाजात सांगितलं. रोग आहे हे कुणी सांगितलं, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझ्याच बोटांनी पाणी पुसलं आणि रोग लिहिला. वर माझं नाव छापून आलं.

सत्काराहून निघाले ती घोंगडी घेऊन थेट मामाच्या पालावर गेले. पाल अजून तिथंच होतं. एव्हाना ते औंधच्या बाजूला हललेलं असायला हवं होतं. तिकडचे शेतकरी दरसाल खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात आणि मामाला धान्य घालतात. यंदा पहिल्या गावानं त्याला वेशीवरूनच परत लावलं. पुढच्यानंही. माझी बातमी वाचून दाखवून. रोगाची मेंढरं आमच्या रानात नकोत म्हणाले.

मामाला वाचता येत नाही. त्यानं तो पेपर घडी घालून जपून आणला होता. माझ्यापुढे धरला. "ह्ये तूच लिवलंस व्हय?"

"व्हय, मामा."

तो उरलेल्या मेंढरांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तर मग आता जित्राबं कुठं बसवू, त्ये बी लिव."

त्यानं शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. स्टेजवर माझी जात काढली तेव्हा लागलं होतं, पण हे त्याहून खोल गेलं. साहेब मला मेंढरामागची म्हणाले होते. खरीच मेंढरामागची असते तर मेंढरं सोडून पळाले नसते.

सकाळी कारखान्यावर गेले. साहेबांनी बस म्हटलं नाही. मी घोंगडी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "साहेब, घोंगडीची मला लाज न्हाई. माझा बाप जलमभर हिच्यावर निजला. तुमच्या हातनं घेतली, त्याची लाज हाय." ते पीएकडे बघून हसले. या वेळी मी हसले नाही.

घरी येऊन बातमी पुन्हा लिहिली. आधीची खोटी होती, कुणाच्या सांगण्यावरून मी ती बदलली, तेही लिहिलं. साताऱ्याहून संपादकांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "दाखवली का?"

"नाही. आणि दाखवणारही नाही."

आतल्या पानावर, कोपऱ्यात छापली. माझी कबुली कापून. पुढं थोड्याच दिवसांत माझ्याकडचा तालुका दुसऱ्या वार्ताहराकडे दिला. पाण्याच्या तपासणीचं घोंगडं अजून भिजतंय. औंधकडे रोग सगळ्यांनी वाचला होता, पाणी कुणी वाचलं नाही. त्या साली मामाची मेंढरं कुणाच्याच रानात बसली नाहीत. हे पाप माझ्या नावावर आहे. मला ते कुणी माफ करू नये.

आता मी मिरजेत एका साप्ताहिकात लिहिते. परवा इथल्या एका बड्या माणसाचा फोन आला. बातमी आधी बघायला मिळेल का, म्हणाले. तोच गोड आवाज.

मी सांगितलं, मिळेल. छापून आल्यावर. सगळ्यांना मिळेल तेव्हा.