पिकपच्या दोन सीटा आणि चौकातला कोपरा

भिलाईत सुपेल्याच्या चौकातला कोपरा मला ठेकेदाराने दिला, असं लोक अजूनही सांगतात. सांगणाऱ्यांत त्याचे नातेवाईक जास्त. दिला नाही. मी तो घेतला, आणि घेताना त्याला घाम फोडला. हे एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती आणि पुढचं बांधकाम धडाक्यात चालू होतं. मी वैनगंगेकडचा, धानाचा मुलूख सोडून आलेला. आमच्याकडचे बरेच जण कारखान्यात चिकटले. मीही रांगेत उभा राहिलो होतो, पण खिडकीवरच्या बाबूने "ए, पीछे हट" म्हटलं, मी त्याला त्याच भाषेत उत्तर दिलं, आणि माझी नोकरी तिथेच संपली. मग दाभण हातात घेतलं. सायकलच्या सीटा, बसचे फाटके बाक, ट्रकच्या ताडपत्र्या, जे येईल ते शिवायचं. बसायचो सायकल स्टँडच्या मागे, नालीच्या काठावर. काम चांगलं होतं, पण मी तिथे आहे हे कुणाला दिसायचंच नाही. गिऱ्हाईक समोरून निघून पावर हाउस भागातल्या बाजारात जायचं.

चौकाच्या तोंडाशी एक कोपरा होता. दुर्गकडून येणारी प्रत्येक गाडी तिथे वळताना हळू व्हायची, ड्रायव्हर चहाला उतरायचे. जागा कारखान्याचं बांधकाम घेणाऱ्या ठेकेदाराच्या ताब्यात होती आणि तिच्यावर त्याची सिमेंटची पोती पडलेली असायची. मला तो कोपरा हवा होता. पोतं ठेवायला कुठलीही जागा चालते, दुकानाला चालत नाही, हे मी त्याला बरेचदा सांगून पाहिलं. तो नुसता हसायचा.

हा ठेकेदार नागपूरकडचा, आपल्याच भाषेचा. दुसऱ्या कुणाचं मी इतकं मनाला लावून घेतलं नसतं. त्याच्याकडे लढाईच्या काळातली एक पिकप होती. गोल नाक, मोठाले दिवे, हिरवा रंग. रस्त्याने निघाली की पोरं मागे धावायची. आत मात्र एकच सरळ बाक होता आणि ठेकेदार अंगाने भरलेला. वळणावर तो बाकावरून घसरत जाऊन ड्रायव्हरच्या अंगावर पडायचा. एकदा चरोद्याच्या रस्त्याला असाच घसरला, ड्रायव्हरचा हात सुटला आणि गाडी धानाच्या बांधीत, भर चिखलात, उतरली. दुसऱ्या दिवशी ठेकेदार स्वतः सायकल स्टँडच्या मागे आला. त्याच्या बुटाला चिखल तसाच होता.

"दोन येगळ्या सीटा पायजे," तो म्हणाला. "कारखान्यातल्या रशियन साहेबाच्या गाडीत आहे तशा. दोन्हीकून धरून ठेवणाऱ्या."

"बकेट सीट म्हणतात तिले, मालक."

"बकेट का मकेट, बनवतं का नाई ते सांग."

"बनवतो. पैसे नाई पायजे."

पैसे नको म्हणणाऱ्या माणसाकडे ठेकेदार जसं पाहतो तसं त्याने पाहिलं. "मंग का पायजे?"

"कोपरा."

"दोन सीटांसाठी चौकातला कोपरा? अबे, तू शिलाई करतं का डाका घालतं?"

"मंग गाडी नागपूरले पाठवा. ते बनवून देतपर्यंत बैलबंडीवर फिरा. बंडीतून कोणी घसरत नाई."

चहाच्या टपरीवरचे लोक हसले. त्याला ते लागलं, आणि तेच मला हवं होतं. चारचौघांत तो म्हणाला, "मी बसून पाहीन. मले बसाले जमली तर कोपरा तुहा." मी टपरीवाल्याकडे पाहून विचारलं, "आयकलं ना गा?" टपरीवाल्याने मान हलवली.

बकेट सीट मी शिवलेली नव्हती. रशियन साहेबांच्या गाडीतली पाहिली होती, तीही काचेला नाक लावून. पण सांगाडा कशाचा करायचा हे मला तिथेच सुचलं होतं. तेव्हा भिलाईत जिकडे तिकडे रस्ते होत होते आणि रस्त्याच्या कडेला डांबराचे रिकामे ड्रम लोळत पडलेले असायचे. ड्रम उभा चिरला की माणसाच्या पाठीला बसेल अशी गोलाई आयतीच मिळते. एका मुकादमाची खाट विणून दिली आणि त्याच्या बदल्यात दोन ड्रम घेतले. छन्नीने चिरले, आग लावून आतलं डांबर जाळलं, कडा सळईवर दुमडून ठोकल्या. खाली जुन्या बसच्या स्प्रिंगा, त्यांच्यावर खाटेच्या नवाडीच्या पट्ट्यांचं विणकाम, त्यावर काथ्या, वर लाल रेक्झिन. रेक्झिनच्या उभ्या घड्या बायकोने घरी बसून टाकल्या. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ येतो. दोन्ही बाजूंचे कठडे मी साहेबाच्या सीटसारखे उंच ठेवले, अगदी पुढच्या काठापर्यंत.

सीटा गाडीत बसवल्या त्या दिवशी चौकात गर्दी झाली. ड्रायव्हर छत्तीसगढी माणूस, थट्टेखोर. आत डोकावून तो म्हणाला, "मालिक, ये तो बालटी हे! एमा तो नहाय ला परही." ही तर बादली, यात आंघोळच करावी लागेल, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या माणसाला आता आत जागा नव्हती, त्यामुळे ठेकेदाराचा मुनशी मागच्या हौद्यात गेला आणि त्यानेही माझा राग धरला.

ठेकेदार आत चढला, टेकला, जरा हलला. मग गुडघे वर घेऊ लागला. कठडे आडवे आले. पुन्हा घेऊ लागला, पुन्हा अडकला. तोंड लाल झालं. "पाय खाली सोडून बसा ना, मालक," मी म्हणालो. त्याने सोडले, गाडी थोडी पुढे जाऊन परत आली, आणि तो मांड्या चोळत उतरला.

"हे सीट आहे का सापळा? नांगर धरणाऱ्याले मोटारीतलं का समजते! उचल तुह्या बालट्या."

त्याचा बाप काय धरत होता हे मला माहीत होतं. मी बोललोही. मुनशी मध्ये पडला म्हणून हातघाईवर आलं नाही. सीटा खोलून मी हातगाडीवर टाकल्या आणि घरी आणल्या. अंगणात त्यातल्या एकीला अशी लाथ घातली की अंगठ्याचं नख काळं पडलं.

बायको दारात उभी होती. "कावो, सीटले मारून का होते? ज्याले मारायचं त्याले मारा, नाईतर जेवा."

जेवलो नाही. पिकपच्या जुन्या बाकाचं रेक्झिन माझ्याकडेच पडलेलं होतं, त्यातून ठिगळांना तुकडे काढावेत म्हणून ते अंगणात पसरलं. कापणार, तोच हात थांबला. बाकावर बसणारा माणूस पुढचा काठ झिजवतो, कारण मांड्या तिथे घासतात. ड्रायव्हरच्या बाजूचा काठ तसा झिजलेला होता. ठेकेदाराच्या बाजूचा काठ मात्र कोरा करकरीत. तिथे झीज होती दोन गोल ठिकाणी, डावीकडे आणि उजवीकडे, चांगल्या हातभर अंतरावर. आणि मध्ये घोट्यांनी पाडलेला एक खड्डा.

गाडीतसुद्धा तो मांडी घालून बसत होता!

दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिससमोरून दोन चकरा मारल्या. खुर्चीत बसला होता, वहाणा खाली, दोन्ही पाय वर. साहेबासारखी सीट पाहिजे म्हणणारा माणूस साहेबासारखा बसतच नव्हता. पाय जमिनीला लागलेले नसत म्हणून तर वळणावर घसरायचा. हे त्याने मला सांगायला नको का? मी गाडीच्या बाहेरून काम करणारा, तो आत कसा बसतो हे मला कसं दिसणार? लोक त्या दिवसाबद्दल बोलताना चूक माझ्या नावावर टाकतात. मी ती घेत नाही.

पण कोपरा हवा होता. त्याच्या बाजूची सीट पुन्हा खोलली. ड्रम मध्ये चिरून एक पट्टी जोडली आणि बूड रुंद केलं. कठडे कमरेपाशी आणखी वर घेतले, म्हणजे धड हलणार नाही. पुढे ते उतरते कापले, एकदम सपाट, म्हणजे गुडघे दोन्हीकडे मोकळे पसरतील. मधला काथ्या कमी केला, घोट्यांना खळगी ठेवली. बायकोने रेक्झिन सगळं उसवून पुन्हा शिवलं आणि शिवताना ठेकेदाराच्या सात पिढ्या काढल्या. मी अंगणात त्या सीटवर मांडी घालून बसलो आणि तिला म्हणालो, "आता हालव मले." तिने दोन्ही हातांनी ढकललं. मी जागचा हललो नाही.

ठेकेदाराला मी काहीच समजावलं नाही. दोन्ही सीटा पुन्हा गाडीत बसवल्या आणि म्हणालो, "बसा. जसे घरी बसता तसे बसा." तो चढला, मांडी घातली, पाठ टेकली. ड्रायव्हरने चौकात गाडी मुद्दाम गरकन वळवली. ठेकेदार खिळ्याने ठोकल्यासारखा तिथेच. ड्रायव्हर ओरडला, "मालिक, अब तो बालटी मा जम गे हस!" म्हणजे आता बादलीत पक्के बसलात. ठेकेदाराला हसू आलं होतं, पण माझ्याकडे पाहून ते त्याने गिळलं.

"कोपऱ्याचं का, मालक?"

"कोपरा पयल्या बसण्यावर होता. पयल्यांदी तू फेल झाला. तुले पायजे असन तर नालीच्या बाजूले टीन टाकून देतो."

आणि गेला. टपरीवाला कप धूत राहिला, त्याला काही आठवेना.

मी भांडलो नाही. लोकांना वाटलं थंड झालो. पण मला माहीत होतं की दोन दिवसांनी कारखान्याचा मोठा साहेब त्याचं काम पाहायला येणार आहे आणि ठेकेदाराला त्याच्या आधी साइटवर उभं राहायचं आहे, त्याच पिकपमधून, थाटात. त्या दिवशी सकाळी गाडी चौकात धुवायला उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता. त्याच्यासमोर मी पाना काढला, ठेकेदाराची सीट खोलली, उचलली, सिमेंटच्या पोत्यांच्या रांगेपुढे कोपऱ्यात ठेवली आणि वर मांडी घालून बसलो. ड्रायव्हरने दुसरा चहा सांगितला.

ठेकेदार आला. पांढरे कपडे, कडक इस्त्री. आत पाहतो तर जागा रिकामी, नुसता पत्रा.

"उठ बे!"

"नाई उठत."

"पोलीस बोलावीन!"

"बोलवा. सीट माही आहे. तिचं मोल अजून दिलं नाई तुमी. कोपरा हेच मोल होतं."

"साहेब येऊन राहिला तिकडे, समजते का तुले?"

"समजते ना. म्हनूनच तर आज बसलो. मुनशीबाबूजवळ हौद्यात बसा, हवा लागते."

मुनशी हौद्यात उभा होता. तो तोंड फिरवून हसला. गर्दी जमत चालली. ठेकेदार जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "चाल, अर्धा कोपरा घे."

"पुरा."

"मागचा अर्धा माह्या सिमेंटीले राहू दे."

"पुरा. अन् पोते आत्ता उचला. पोते उठले की मी उठतो."

त्याने घड्याळ पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग मजुरांवर ओरडला. पोती उचलली जाऊ लागली. शेवटचं पोतं उठेपर्यंत मी हललो नाही. मग स्वतः सीट उचलून गाडीत बसवली आणि बोल्ट पक्के आवळले. कामात खोट ठेवणं मला जमत नाही, राग असला तरी. तो मांडी घालून बसला आणि धूळ उडवत निघून गेला.

दुपारी ड्रायव्हर आला, सांगू लागला. मोठ्या साहेबाने गाडीत डोकावून विचारलं होतं, सीटा कुठे बनवल्या? ठेकेदार म्हणाला, "नागपूरहून मागवल्या, साहेब."

मी तसाच उठलो. दाभण हातातच होतं. बायको कोपऱ्यात सांडलेलं सिमेंट झाडत होती. माझं तोंड पाहून तिने विचारलं, "कुठी चालले?"

"त्याच्या घरी. माह्या कामाले नागपूरचं म्हणते!"

"कोपरा भेटला का नाई?"

"भेटला."

"मंग खांब गाडा. उद्या तो पोते परत आणून टाकन."

हे खरं होतं. दाभण खाली ठेवलं आणि शेजारच्याची सब्बल, लोखंडी पहार, मागून आणली. जमीन कडक मुरमाची, घाव घातला की ठिणगी उडायची. शिव्या देत देत खोदलं, आणि दिवस मावळायच्या आत दुकानाचे चारही खांब उभे केले.