पहिल्या पानावरची दुरुस्ती

"सर गेले गं... सकाळचा चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली." सरांच्या पत्नी नलूताईंचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी मासळी साफ करत होते. हात तसेच राहिले. त्याला आता महिना होत आला. नव्वदी गाठलेला माणूस, दुखणं नाही, खुपणं नाही. रडू आलं, पण ते निवांतपणे आलं.

केशव राऊत सर साठच्या दशकात पालघरच्या नव्या कॉलेजात मराठी शिकवायला आले. त्याआधी ते मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होते. तिथली नोकरी का सोडली विचारलं की म्हणायचे, "दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरावर कात्री चालवायचो, लिहिणारा मात्र कधी दिसायचा नाही." इथे लिहिणारे समोर बसले होते, पण हातातली कात्री काही सुटली नव्हती. आमचे निबंध लाल शाईने इतके खोडलेले परत यायचे की त्यांच्या तासाला धडकी भरायची.

मी चिंचणीच्या मच्छीमार घरातली, आमच्या आळीतून कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. एकदा सरांनी 'बाजार' असा विषय दिला. तारापूरला तेव्हा मोठं बांधकाम चाललं होतं आणि दूरदूरचे कामगार बोईसरच्या बाजारात यायचे. माझी आई त्यांना सुके बोंबील विकता विकता हिंदी शिकली होती आणि घरी येऊन आमच्याशीही ऐटीत हिंदीतच बोलायची. मी तेच लिहिलं. सरांनी भर वर्गात विचारलं, "हे कुठल्या पेपरातून उतरवलंस?" दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेलेच नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको जाव. चोर म्हनवून घ्यायला नाय शिकवत तुला."

आठवड्याभराने सर एसटीने चिंचणीला आले. विचारत विचारत घर गाठलं. आई वाळलेले बोंबील गोळा करत होती, बाबा जाळं विणत होते. सर उभ्यानेच म्हणाले, "निबंध पुन्हा वाचला. इतकी वर्षं पेपरात काढली, पण अशी बाई माझ्या टेबलावर आलेल्या मजकुरात कधी भेटली नाही. हे घरात पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही. मी चुकलो."

बाबांनी जाळं खाली ठेवलं. "येवडं सांगायला तुमी पालघरवरना आलात?"

"हो. आणि हिला न्यायला."

मी आईकडे पाहिलं. निबंधातल्या त्या बाईने पदराला हात पुसले आणि सरांना विचारलं, "चाय पियेगा?" सर हसत खाली बसले.

सोमवारी वर्गात ते म्हणाले, "पेपरात चूक झाली की दुरुस्ती आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. ही मी पहिल्या पानावर छापतो आहे." आणि सगळ्यांसमोर त्यांनी माझी माफी मागितली. पुढे लाल शाई हळूहळू कमी झाली. ते आम्हाला आपलं लिखाण मोठ्याने वाचायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. अडखळलो की म्हणायचे, "इथे तुलाच पटलेलं नाही, बघ." मला वाटतं, सर खरे शिक्षक झाले ते तेव्हा. मी पदवी घेऊन त्यांनी सोडलेल्या धंद्यात शिरले, वार्ताहर झाले. याचं त्यांना फार हसू यायचं.

निवृत्तीनंतर ते केळव्याला राहिले. तिथल्या ओटीवरही पोरं आपलं लिहिलेलं वाचून दाखवायला यायची. परवा मी नलूताईंना भेटायला गेले होते, तेवढ्यात एक मुलगी कागद घेऊन दारात आली. ती महिनाभर परगावी होती, तिला काहीच कळलेलं नव्हतं. ऐकल्यावर बिचारी तशीच मागे वळली.

"थांब गं," नलूताई म्हणाल्या. सुपारीच्या सावलीत असलेल्या सरांच्या खुर्चीत त्या जाऊन बसल्या. "इतकी वर्षं मी स्वयंपाकघरातून ऐकतेच आहे. वाच."