गुडघ्याचे एकशे वीस अंश

"एसीएल पूर्ण फाटलंय," एमआरआयच्या फिल्मवरून नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करावं लागेल. खेळायला परत यायला नऊ-दहा महिने धरा."

मुलुंडच्या त्या केबिनमध्ये आई माझ्या शेजारी बसली होती. एसीएल म्हणजे काय, हे तिनेच विचारलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत घट्ट धरून ठेवणारा पट्टा, त्यांनी सांगितलं. तो तुटला तरी माणूस सरळ चालू शकतो, पण वळायला गेला की गुडघा सटकतो. मी जलद गोलंदाज. भारताच्या संघाकडून खेळायला मी सहा वर्षं वाट पाहिली होती आणि सामने झाले होते जेमतेम पाच.

लागलं ते सरावात. चेंडू अडवायला धावताना मी गर्रकन वळले आणि गुडघ्यात टक् असा आवाज आला. दहा मिनिटांनी दुखणं कमी झालं. दौऱ्याचा संघ निवडायचा होता, म्हणून कुणाला न सांगता मी पुन्हा मैदानात उतरले. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. तुम्ही खेळत असा, नाचत असा किंवा नुसता जिन्यात पाय मुरगळलेला असो, आवाज आला आणि लगेच सूज चढली तर 'बघू जरा चालून' असं करू नका. मी केलं, आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

सूज उतरायला तीन आठवडे गेले. मग ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीच्या मागच्या स्नायूची एक दोरी, म्हणजे टेंडन, घेऊन तिचा नवा पट्टा बसवला. त्याला ग्राफ्ट म्हणतात. शुद्धीवर येताना मी म्हणे दोन नर्सना स्लिपमध्ये उभं राहायला सांगत होते. त्यातली एक उभी राहिलीही, असं आई शपथेवर सांगते.

खरी परीक्षा फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये होती. विक्रोळीहून रिक्षाने मी रोज तिथे जायची. बाकी सगळ्या गुडघे बदललेल्या बायका, माझ्या आईपेक्षाही मोठ्या. गुडघा किती वाकतो ते अंशांत मोजायचे. माझा पहिल्या दिवशी चाळीसच. शेजारच्या पलंगावर सुलभाकाकू होत्या, भांडुपच्या, मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी माझी चौकशी केली नाही की नाव विचारलं नाही. दहाव्या दिवशी थेट म्हणाल्या, "माझा ढोपार नव्वदाक पोचला. तुझा खय अडाकला गो?"

माझा ऐंशीवर होता. पासष्ट वर्षांच्या बाईकडून मी हरत होते. त्या दिवशी मी जो व्यायाम केला, तो बघून फिजिओने मला थांबवलं. मग रोजची शर्यतच लागली. काकू जिंकल्या की सगळ्या हॉलला तिळाचे लाडू वाटायच्या, हरल्या तरी वाटायच्या.

पण एक दुपार वाईट गेली. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर आमचा सामना लागला होता. माझ्या जागी आलेल्या निधीने विकेट काढली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि रडले. बाहेर काकू काठी टेकून उभ्या होत्या. एव्हाना त्यांना कुणीतरी मी कोण ते सांगितलं होतं.

"रडाचा तर रड," त्या म्हणाल्या. "पण त्या पोरीन काय तुझा ढोपार मोडूक नाय."

मी परत जाऊन सामना शेवटपर्यंत पाहिला. संध्याकाळी निधीला मेसेज केला, की डावऱ्या बॅटरला तू फार आखूड टाकतेस. तिचा लगेच फोन आला. ती नागपूरची, माझ्याहून चार वर्षांनी लहान.

"ताई, मला वाटलं तू माझ्यावर रागावली असशील."

"होते ना," मी म्हटलं, "दुपारपर्यंत."

त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी आमचं बोलणं व्हायचं. आजारपणात घरी बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय लागतं, तर कुणाच्या तरी उपयोगी पडणं. हे मला तेव्हा कळलं.

सहाव्या आठवड्यात एकशे वीस अंश झाले. काकूंचे एकशे पंधरा. त्यांनी माझी चक्क दृष्ट काढली. पुढे पळणं आलं, मग हॉप टेस्ट. म्हणजे दुखऱ्या पायावर लंगडीने उडी मारायची आणि चांगल्या पायाच्या उडीशी ती ताडून बघायची. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास. डॉक्टरांनी हात मिळवला आणि म्हणाले, "गुडघा तयार आहे. भीती जायला अजून थोडा वेळ लागेल, तो द्या."

ज्यांनी मला उभं केलं त्यांत डॉक्टर आले, फिजिओ आले, मला रोज आंघोळीला बसवणारी आई आली. आणि त्या हॉलमधल्या सगळ्या बायका, ज्यांच्यासाठी मी फक्त 'ती ऐंशीवाली पोरगी' होते. ते फार बरं वाटायचं.

अकराव्या महिन्यात मी पुन्हा निळी जर्सी घातली. तिसरं षटक निधी टाकत होती. चेंडू माझ्या डावीकडून जोरात निघाला आणि मी झेप घेतली. चौकार वाचला, दोन धावा गेल्याच. उठले तर जर्सीवर छातीभर माती, आणि निधी धावत येऊन विचारत होती, "गुडघा ठीक आहे ना गं?"

तेव्हा कुठे मला गुडघ्याची आठवण झाली.