टाकी कुठाय?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण मी माती खाल्ली ती अशी, की वागळे इस्टेटपासून डोंबिवलीपर्यंत कोणी मला दारात उभं करेना!

डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला. बाबांनी घरात सुतकच पाळलं म्हणा ना. मग मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये लागलो. तिथे आम्ही अल्ट्रासॉनिक सेन्सर बनवायचो. म्हणजे काय, तर मुठीएवढा डबा. तो टाकीच्या तोंडावर बसवायचा. तो ऐकू न येणारा आवाज आत सोडतो, आवाज आपटून परत येतो, आणि आतला माल किती खाली आहे ते आकड्यात दिसतं. बस्स. ॲसिडच्या टाकीत काठी बुडवणाऱ्याचा हात वाचतो.

बाबांनी यातला एकच शब्द उचलला. "आमचा मुलगा अल्ट्रासॉनिकमध्ये आहे!" भेटेल त्याला हेच. डोंबिवलीत तेव्हा गल्लोगल्ली सोनोग्राफीच्या पाट्या लागलेल्या. लोकांनी समजायचं ते समजलं. बाबांनी सुधारलं नाही. मी तरी कशाला सुधारू? जिन्यातल्या काकू पहिल्यांदाच मला ओळख देत होत्या.

आमच्या खालच्या मजल्यावर काका राहायचे. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत पर्चेस मॅनेजर. आमच्या सेन्सरची ऑर्डर त्यांच्याच टेबलावर पडलेली. मालक मला म्हणालेला, "ही ऑर्डर काढ, तुला परमनंट करतो." तर काकाच एका संध्याकाळी घरी आले.

"काय रे, तुझं ते मशीन घरी आणता येईल का?"

"तुमच्यासाठी काय पण, काका!"

"आत काय आहे ते बाहेरूनच कळतं ना?"

"हात पण लावायचा नाही. आतल्या मालाला काही होत नाही."

"माल काय म्हणतोस, गाढवा!" काका दाराकडे बघत कुजबुजले. "आणि चौथ्या महिन्यात नीट कळतं?"

"चौथ्या? काका, वर्षभराची गॅरंटी आहे. फक्त वर फेस नको. फेस आला की रीडिंग चुकतं."

"फेस?" काका विचारात पडले. "नाही, तसं काही नाही दिसलं."

मला वाटलं, काय बारीक चौकशी करतोय माणूस! ऑर्डर आलीच!

रविवारी डबा, डिस्प्ले, वायरी पिशवीत घालून खाली गेलो. काकूंनी दार लावलं, खिडक्या लावल्या, देवापुढे दिवा लावला. पलंगावर वहिनी, म्हणजे काकांची सून, उताणी पडलेली, पंख्याकडे बघत. तिची तीन-चार वर्षांची मुलगी कोपऱ्यात बाहुलीचे केस उपटत होती. काकांचा मुलगा कुठेतरी बाहेर पाठवलेला.

मी पिना खुपसल्या, वायर सोडली आणि विचारलं, "टाकी कुठाय?"

काकूंनी सुनेच्या पोटाकडे बोट दाखवलं.

आता सांगा, काय करायला पाहिजे होतं मी?

"आधीची एक आहेच ना," काकू म्हणाल्या. "सोनोग्राफीवाले सांगत नाहीत हल्ली, कायदा आलाय म्हणे. तू घरचा आहेस. दुसरीही तसलीच असेल तर कल्याणला ओळखीचे डॉक्टर आहेत. वेळेत मोकळं होता येईल."

मोकळं! रोज सकाळी मोठ्या आवाजात स्तोत्रं म्हणणारी माणसं ही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ऑर्डर होती ना मध्ये! डबा धरला वहिनीच्या पोटापासून दोन फूट वर. आकडा आला बासष्ट. सेंटीमीटर. डब्यापासून साडीच्या निऱ्यांपर्यंत.

"काय म्हणतंय?" काका.

"मुलगा."

"नक्की?"

"शंभर टक्के!"

वहिनीने मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पंखा बघायला लागली.

सोमवारी ऑर्डर सही झाली. मालकाने मला परमनंट केलं. आणि पुढच्या रविवारी आमच्या दारात चपला! वरच्या मजल्यावरचे, पलीकडच्या सोसायटीतले, सगळ्यांच्या सुना, सगळ्यांच्या सासवा. बाबा दारात उभे राहून नंबर लावत होते. "एकेकाने या. मशीन गरम होतं." जन्मात पहिल्यांदा माझा अभिमान वाटत होता त्यांना. मी डबा धरायचो, आकडा बघायचो, मुलगा. पुढची, मुलगा. अख्ख्या डोंबिवलीत मी मुलगे वाटत सुटलेलो!

एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. पोटातलं बाळ कधीतरी बाहेर येतं.

पाच महिन्यांनी वहिनीला मुलगी झाली. गोरी, गुबगुबीत, भोकाड पसरून रडणारी. दुसऱ्या दिवशी काकांनी उरलेली ऑर्डर रद्द केली. कारण काय दिलं? "तुमच्या सेन्सरचं रीडिंग खोटं येतं."

मालक तडकलाच. "कुठल्या टाकीवर चुकलं रे?"

काय सांगणार? काका सांगू शकत नव्हते, मी सांगू शकत नव्हतो. मालकाने त्याच दिवशी मला हाकललं.

घरी आलो तर बाबा पेपर घेऊन बसलेले. वर न बघता म्हणाले, "म्हणून सांगत होतो, डिप्लोमा पूर्ण कर. पूर्ण केला असतास, तर मुलगी आहे एवढं तरी नीट वाचता आलं असतं!"