दुखणं बघणारा माणूस

"येतंय, जातंय. आपण फक्त बघायचं." हे म्हणताना ते उजव्या हाताची बोटं ताटावरची माशी हाकलावी तशी हलवायचे.

बँकेत ते माझे वरिष्ठ आणि बराकपूरला शेजारी. दोघांचीही बदली बऱ्याच वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून कोलकात्याला झालेली, त्यामुळे सकाळची सियालदहची गाडी आम्ही बरोबरच पकडायचो. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. चूक सापडली की आधी कागद भिरकावणार, मग कुणाची ते विचारणार. रक्तदाब कायम चढलेला. घरी मुलगा त्यांच्यासमोर जेवायलाही बसत नसे.

डॉक्टरांच्याच सांगण्यावरून ते एका ध्यानवर्गाला जाऊ लागले. आठवडाभर ऑफिसात आरडाओरडा झाला नाही, तेव्हा आमच्या बंगाली शिपायाने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहब की तबियत तो ठीक है ना?"

तब्येत खरंच सुधारली होती. रक्तदाब उतरला, झोप लागू लागली. इथेच वाढलेला त्यांचा मुलगा त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत मला म्हणाला, "काका, बाबा आता माझं ऐकते." मी हसलो. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, मात्र डोळ्यांना पदर लावून घाईघाईने आत निघून गेल्या.

तिथेच थांबले असते तर! पण सकाळच्या ध्यानाच्या एका तासाचे दोन झाले, संध्याकाळची बैठक आली, मग रविवारही त्यातच जाऊ लागला. वहिनी बंद दाराबाहेर चहा ठेवायच्या आणि गार झाला की उचलून न्यायच्या. त्यांनी वर्गाच्या गुरुजींना फोन केला, तर ते म्हणाले, "घरच्यांना त्रास वाटतो, म्हणजे साधना योग्य चाललीय."

मग त्यांचं पोट दुखू लागलं. गाडीत कळ आली की ते ताठ बसायचे. कपाळावर घाम यायचा.

"साहेब, डॉक्टरांना दाखवू या."

"अहो, दुखणं वेगळं आणि आपण वेगळे. बघतोय ना मी त्याच्याकडे."

आवाजात चक्क अभिमान होता. घरी त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मलाही काढू दिला नाही.

एका सकाळी सियालदहच्या फलाटावरच ते कोसळले. अपेंडिक्स फुटून सगळ्या पोटात विष पसरलं होतं. शस्त्रक्रिया करून बाहेर आलेले डॉक्टर चक्रावून गेले होते. "इतना दर्द लेकर ये चल कैसे रहे थे?"

उत्तर वहिनींनी दिलं. मराठीत, कुणाकडेही न पाहता. "पूर्वी नुसतं डोकं दुखलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. तेव्हा मला निदान कळायचं तरी."

ते वाचले नाहीत.

इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा ठेवली. वर्गातले लोकही आले होते. त्यांच्यातला एकजण हिंदीत बराच वेळ बोलला. अशी समता फार थोड्यांना साधते, म्हणाला. देह पेटलेला असताना मन कसं स्थिर, म्हणाला. काहींनी माना डोलावल्या. वहिनी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं डोळे मिटून स्तब्ध उभे राहू."

सगळे उठले.

"डोळे मिटू नका," वहिनी म्हणाल्या. "कुणीही नाही."

कुणीच मिटले नाहीत. त्यांचा मुलगा तोंडावर हात दाबून रडत होता, आणि मान फिरवायची सोय आम्हाला राहिली नव्हती.