त्याची गाडी नवी हाय

जुनी बनवलेली गाडी भारी की कंपनीतून निघालेली नवी, हे मला आजही कोणी ना कोणी विचारतं. राळेगाव रोडवर माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, पोरं गाड्या घेऊन येतात, आणि या विषयात मला कळतं अशी माझी ख्याती आहे. मलाही तसंच वाटायचं. त्या वाटण्यापायी एक माणूस गेला आणि एकाचं नाव गेलं. माणूस माझ्यामुळेच गेला का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नाव मात्र माझ्यामुळेच गेलं. यंदापर्यंत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

माझी गाडी म्हणजे जुनी पांढरी पेट्रोल गाडी. हातात आली तेव्हा ती चार माणसं घेऊन चढावर धापा टाकायची. यवतमाळच्या एका मिस्त्रीच्या मदतीनं मी तिचं हेड घासून घेतलं, मोठ्या गाडीचा कार्बोरेटर बसवला, सायलेन्सर मोकळा केला. वळणावर झुकू नये म्हणून चारही स्प्रिंगांचे वेढे कापून तिला जमिनीशी आणली. दर आठवड्याला प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचो. काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला तर कमी. विटकरी दिसला की दिवस चांगला जायचा. बायको म्हणायची, "पोरायले ताप आला तर जीभ नाही पायली कधी, अन् हिची रोज पायता."

गाडी धुवायचं काम आमच्या सालगड्याकडं होतं. वर्षाच्या करारावर शेतात राबणारा माणूस, गाडी धुणं काही त्याच्या करारात नव्हतं. पण रविवारी तो स्वतःहून बादली घेऊन यायचा. कधी मी त्याला शेजारी बसवून कळंबपर्यंत फिरवून आणायचो. परत आल्यावर तो पारावर सांगायचा, "आमची गाडी सुटली का यष्टीवाला नुसता धूळ खाते." आमची म्हणायचा.

मग मास्तरनं नवी गाडी घेतली.

मास्तर माझ्या शेतालगतच्या घरात राहायचा. मूळचा बंजारा तांड्यावरचा, शिकून आमच्या गावात शाळेवर लागलेला. गाडी चंदेरी, डिझेलची, टर्बोवाली. त्यानं मला हौसेनं बोनेट उघडून दाखवलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण. हात घालायला जागा नाही, फिरवायला स्क्रू नाही, ऐकायला आवाज नाही. मी म्हणालो, "मास्तर, हे इंजिन होय का शिवणयंत्र?" तो हसला. म्हणाला, "आपल्याले काय, चाबी फिरवाची अन् जाचं."

गावात सगळ्यात पहिली नवी गाडी तांड्याच्या माणसाच्या दारात उभी राहिली, हे मला खुपलं होतं. तेव्हा मी हे कबूल केलं नसतं.

त्या उन्हाळ्यात कळंबच्या चिंतामणीला जाऊन परत येताना तो मला रस्त्यात दिसला. मी मुद्दाम मागं लागलो. सुरुवातीला मी त्याला सहज मागं टाकलं. गिअर पाडला, कार्बोरेटरनं हवा ओढली, ती किंकाळी अजून कानात आहे. पण सरळ रस्ता आला, चढ आला, आणि आरशात चंदेरी रंग वाढत गेला. माझ्या गाडीचा सगळा जोर इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत होता. तिला सतत ओरबाडत ठेवावं लागायचं. त्याच्या गाडीत जोर खालीच होता, आपोआप येणारा. तो बाजूनं निघून गेला. काचा बंद, एसी चालू, बायको शेजारी बसून पोरीला बिस्किटं देत होती. तिनं मला हातसुद्धा केला.

संध्याकाळी तो मला म्हणाला, "तू होता काय मांगं? आवाजावरून मले वाटलं ट्रॅक्टर होय."

आमची शर्यत लागली होती हे त्याला माहीतच नव्हतं. मला त्यानं हरवलं असतं तर चाललं असतं. त्यानं मला पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता. झाडं नुसती उंच, आणि बोंडात अळी. आधी जे औषध चालायचं ते चालेना, म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारायचे. मीही तेच करायला लावलं. सालगडी पाठीवर पंप घेऊन त्या झाडांच्या मधून फिरायचा, आणि वर मारलेलं औषध त्याच्याच तोंडावर उतरायचं. नाकाला बांधायला त्याच्याकडं दुपट्टा होता. बाकी मी काही दिलं नव्हतं. हेही इथंच लिहून ठेवतो.

एका दुपारी तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन बसला. "भाऊ, मले सारं धुंद दिसून राह्यलं," म्हणाला. घामानं निथळत होता, तोंडातून लाळ, मग उलटी. दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. मी धावत जाऊन गाडी आणली. तिच्या आवाजानं मास्तर बाहेर आला. त्याची गाडी दारातच उभी होती.

आम्ही दोघांनी त्याला धरून उठवलं. माझ्या गाडीजवळ आल्यावर तो अडला. "भाऊ, गाडी खराब होईन," म्हणाला. रविवारी तोच ती पुसायचा ना.

मास्तर म्हणाला, "सीटचं काय घेऊन बसला बे? माह्या गाडीत टाक त्याले. माही उंच हाय, पुलापाशी डायवर्शन हाय, तुही खाली लागते."

हे त्याचे शब्द. जसेच्या तसे. ऐकायला आम्ही तिघंच होतो. सालगड्याची बायको त्या वेळी दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेली होती.

मी म्हणालो, "तुमचं शिवणयंत्र राहू द्या. माही आधी पोचते यवतमाळले." त्याला शेजारच्या सीटवर घातलं आणि मास्तरला तिथंच सोडून एकटाच निघालो.

तेव्हा त्या माणसाचा जीव माझ्या डोळ्यासमोर होता, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. डोळ्यासमोर तो चढ होता. आरशातली चंदेरी गाडी होती.

पुलाचं काम चालू होतं. बाजूनं मुरूम टाकून काढलेला कच्चा रस्ता, मध्ये डंपरनं पाडलेल्या चाकोऱ्या. मी वेग कमी केला, पण पुरेसा नाही. खालून एक आवाज आला. गाडीवाल्यांना तो आवाज पोटात ऐकू येतो. चेंबर दगडाला लागलं होतं. इंजिनाखालचं ते तेलाचं भांडं फुटलं की इंजिनाला फार वेळ नसतो, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. थोड्या वेळात तेलाचा लाल दिवा लागला.

कळंब आलं. स्टँडवर काळीपिवळ्या जीपा उभ्या होत्या, रिकाम्या. दवाखाना तिथंच होता. थांबून कोणालाही म्हटलं असतं तर त्याला घेतलं असतं. मी दिव्याकडं बघितलं, शेजारी मान टाकलेल्या त्याच्याकडं बघितलं, आणि थांबलो नाही. यवतमाळला पोचलो असतो तर गाडी जिंकली असती. हेच मनात होतं.

कळंब सुटल्यावर काही अंतरावर इंजिन जाम झालं. आधी खडखड, मग एकदम काहीच नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करत होतो. गाड्या हळू व्हायच्या, आत फेस आलेला माणूस दिसला की निघून जायच्या. शेवटी वैरणीचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर रस्ताभर एकच वाक्य म्हणत होता, "लवकर काहून नाही निघाले बापा, लवकर काहून नाही निघाले." सालगड्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्याला हाक मारत होतो आणि तो मला ओ देत नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो गेला. आधी आणला असता तर वाचला असता का, हे डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

खरी गोष्ट त्याच्या आदल्या दिवशी घडली. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिचा भाऊ माझ्याजवळ आला. "भाऊ, तुमची गाडी रस्त्यात बंद पडली म्हंते. मास्तरची गाडी दारातच उभी होती ना? त्यानं नाही देली का?"

मी म्हणालो, "त्याची गाडी नवी हाय न बापा."

बस, एवढंच बोललो. यातला एकही शब्द खोटा नाही. त्याच्या बहिणीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. वाक्य तिनं मनात पूर्ण केलं असावं. गावानं ते दोन दिवसांत पूर्ण केलं. उलटीनं सीट खराब होईल म्हणून मास्तरनं गाडी दिली नाही. पुढं तर त्यानं दाराला कडी लावली, अशीही भर पडली. "तांड्यावरचा तो, त्याले काय गावाची माया," हे पारावर ऐकलं तेव्हा मी तिथंच बसलो होतो.

मास्तर दुकानावर आला. वायपरचं रबर मागितलं. मी ते शोधत असताना हळूच म्हणाला, "दादा, तू तरी सांग न लोकाइले. मी म्हणलो होतो का नाही, माह्यात टाक?"

मी खोक्यातच बघत राहिलो. "मास्तर, तवा लय गडबड होती. मले काही याद नाही."

त्यानं रबराचे पैसे मोजून ठेवले. मग "बरं" म्हणाला. रबर घेऊन गेला.

त्यानंतर सालगड्याची बायको त्याच्या दारावरून जाताना थुंकायची. आरडाओरडा नाही, शिव्या नाही. थांबायची, थुंकायची, पुढं जायची. मास्तरची बायको आत ओट्यापाशी असायची, तिला ते खिडकीतून दिसायचं. हे किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. शाळेत जाता-येता मास्तर पारावर थांबेनासा झाला. पुढं बदली मागून यवतमाळला गेला. घर विकलं. माझी गाडी शेडमध्ये गेली ती तिथंच राहिली. तिचं इंजिन मी पुन्हा उघडलं नाही.

यंदा पोळा झाल्यावर मास्तरची बायको वारल्याची खबर गावात आली. जुन्या ओळखीनं बाया भेटायला निघाल्या. कोणीतरी सालगड्याच्या बायकोला विचारलं. ती माझ्या दुकानासमोरच उभी होती. म्हणाली, "मी कायले जाऊ? मायावाला माणूस गेला तवा त्याले गाडीची पडली होती. आता समजू दे कसं वाटते ते. देव पायते सारं."

तिच्या बोलण्यात समाधान होतं. ते मी दिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. उभ्यानंच सगळं सांगितलं. मास्तर काय म्हणाला ते, मी काय म्हणालो ते, कळंबचा स्टँड, लाल दिवा. ती तांदूळ निवडत होती. मी बोलत होतो तोवर तिचा हात थांबला नाही. बोलणं संपलं तेव्हा थांबला.

मला वाटलं मारेल. बरं झालं असतं.

ती म्हणाली, "माह्या माणसाचं मंग पाहू. आधी हे सांग, मी इतके वर्सं त्या बाईच्या दारात थुकली. ते आता कोन चाटून काढन? तू?"



तिनं सूप बाजूला ठेवलं, लुगडं बदललं, दाराला कडी लावली. मी म्हणालो, "वहिनी, माह्या पोराची गाडी हाय, यवतमाळले सोडतो."

"तुह्या घरच्या गाडीत नाही बसत मी."

आम्ही यष्टीनं गेलो. ती बायांच्या सीटवर, मी मागं उभा. पूल आला. आता तो पक्का आहे, बाजूच्या कच्च्या रस्त्यावर बाभळी उगवल्या आहेत. तिनं मागं वळून विचारलं, "इथं लागली?" मी मान हलवली.

मास्तरच्या फाटकात ती चंदेरी गाडी उभी होती. टपावरचा रंग उडालेला, एक चाक बसलेलं. आता ती माझ्या गाडीइतकीच जुनी दिसत होती. आमची चाहूल लागून मास्तर दारात आला. वहिनीला बघितलं आणि स्वतःच्याच दारात एक पाऊल मागं सरला. त्याचं अंग ते थुंकणं अजून विसरलं नव्हतं.

ती म्हणाली, "मास्तर, मी भेटाले आली." मग माझ्याकडं बघून, "बोल."

मी बोललो. "मास्तर, तुमी म्हणलं होतं, माह्यात टाक त्याले. मले सारं याद होतं. तवा बी होतं."

तो वहिनीला म्हणाला, मला नाही, "बाई, ती जाईपर्यंत मले पुसे. तुमी खरंच म्हणलं होतं न? मी दर वेळी हो म्हणो. ती बरं म्हणे. अन् चार दिसानं पुन्हा पुसे."

वहिनीनं पदर तोंडाला लावला.

"तिले पटलं होतं का नाही," तो म्हणाला, "आता कोनाले पुसू मी?"

त्यानं आतून खुर्ची आणून तिच्यासाठी ठेवली. माझ्यासाठी आणली नाही. मी फाटकाजवळ, त्या गाडीपाशी उभा राहिलो.