संडासाच्या भिंतीतला पिंपळ

आमच्या खामगावच्या घरात कमोड एकच, तोही मायसाठी बसवलेला. तिचे गुडघे गेलेत, उकिडवं बसणं होत नाही. त्याच संडासाच्या बाजूच्या भिंतीत बाहेरून पिंपळ उगवला. बोटभर होता तेव्हा मी म्हटलं, राहू द्या बापडा. वर्षभरात तो हातभर झाला आणि भिंतीला एवढी भेग पडली, की आत बसलेल्या माणसाला परसातली कपडे वाळत घालायची तार दिसावी.

भिंत मायच्या अंगावर पडली तर? मला दुसरं काही सुचेना.

तोडावा कसा? घर आमचं बौद्ध. पौर्णिमेला विहारात भंतेजींनी सांगितलेलं मीच घरी येऊन मायला ऐकवलं होतं : ज्ञान झाल्यावर बुद्धांनी सात दिवस पिंपळाकडं पापणी न लवता पाहिलं, उपकार मानत. भंतेजींना विचारलं, तर म्हणाले, "मुळासकट काढा, दुसरीकडं लावा." म्हणजे मूळ वाचवायचं तर भिंत पाडा आणि नवीचा खर्च करा.

मिस्त्री आला. तो हिंदू. त्यानं चप्पल काढून संडासाला, म्हणजे पिंपळाला, हात जोडले.

"पिंपळ मी तोडत नसतो भाऊ. भिंत सांगा, आत्ता पाडतो."

शेजारच्या काकू तर शनिवारी तांब्या घेऊन येऊ लागल्या. एका शनिवारी मी आत होतो. भेगेतून गार पाणी थेट खांद्यावर.

"काकू, मी हाओ आत!"

"बसा बसा, माह्यं झालंच."

झालं, माझं डोकं फिरलं. रविवारी सकाळी विळा घेतला आणि परसात गेलो. जे पाप लागायचं ते लागो. विळा उचलला, तर भेगेतून प्लास्टिकच्या मगाचं तोंड बाहेर आलं आणि बुंध्याशी पाणी पडलं.

"माय? तू पाणी घालून राह्यली याले?"

"हाव. रोज."

"अवं, भिंत तुह्याच अंगावर पडीन ना!"

भेगेतला मग आत गेला.

"तूच सांगतलं ना, सात दिवस पाह्यलं त्यायनं. मले कुठं जाणं होते आता? विहारात बी नाही होत. इथं बसल्या बसल्या तेवढं हिरवं दिसते."

मी विळा खाली ठेवला. मला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी भिंत पाडली आणि पिंपळ मुळासकट परसात लावला. नवी भिंत उठवताना मिस्त्रीला सांगितलं, कमोडशेजारी खिडकी ठेव, बसल्या जागी झाड दिसलं पाहिजे.

"संडासाले एवढी मोठी खिडकी?" त्यानं विचारलं.

"हाव," मी म्हटलं, "मायच्या डोळ्याच्या उंचीवर."